कारण : टँकरचं पाणी

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, बहिणीच्या नाही, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या डॉक्टरांच्या तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसले की बोलणं ओठांपर्यंत येतं — मग चहा येतो, इकडचं तिकडचं निघतं, कुणाचं लग्न ठरलं ते निघतं, आणि मी उठून घरी येते. घर म्हणजे नांदेडातल्या दोन खोल्या. तिथं काही विचारणारं कुणी नाही.

तशी मी गप्प बसणारी बाई नव्हे, बरं का. उलट तोंडाळच. बँकेत कुणी रांग मोडून पुढं घुसला की त्याला मागं धाडणारी मी. आमच्या दवाखान्यात माझ्या माघारी म्हणतात, ‘तिच्या तोंडी लागू नका, ती खरं ते तोंडावर बोलती.’ खरं ते तोंडावर! हे ऐकलं की मी काहीतरी काम काढून तिथून उठते.

बोलायचं निमित्त झालं माझ्या भावजयीचं. मागच्या महिन्यात ती आली होती, लोह्याहून. तिचं वजन वाढलंय, साखर काठावर आहे. कुणा मैत्रिणीनं तिला मोबाइलवर एक औषध दाखवलं — पेप्टाइड म्हणे, घरच्या घरी पोटावर टोचून घ्यायचं, वजन उतरतं, साखर उतरते. बाटली कुरिअरनं येते. डॉक्टरची चिठ्ठी नको, काही नको. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, “वन्सं, तुमी तर असल्याच औषधाच्या ट्रायलमधी होतात ना? ह्ये बगा की, अभ्यासानं सिद्ध, सुरक्षित, पुरावा हाय म्हून लिवलंय. घिऊ का?”

मी म्हटलं, “डॉक्टरला विचार,” आणि भात बघायला उठले. भात कधीच झाला होता. मी नुसती गॅसजवळ उभी राहिले. पुरावा हाय! आता मी तिला काय सांगायचं? की बाई, तो पुरावा कुठं कुठं कसा तयार होतो ते मी पाहिलंय? त्यातला एक तुकडा माझ्याच हातानं भरलाय, निळ्या पेनानं, आणि तो खोटा आहे — हे सांगायचं?

सांगितलं नाही. ती जेवून गेली.

आता सुरुवातीपासून सांगते. मध्येच थांबले तर समजून घ्या... नाही, समजूनही घेऊ नका. नुसतं ऐका.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा लातुरात एका खाजगी दवाखान्यात होते. घरात पहिली शिकलेली मुलगी मी. वडील पंचायत समितीत शिपाई होते, आम्ही बौद्ध, आणि आमच्या घरात पोरगी बीएस्सी होऊन दवाखान्यात कागदपत्रं सांभाळते याचं केवढं कौतुक! त्या दवाखान्यात एका कंपनीच्या नव्या औषधाची ट्रायल चालू होती. आपण जेवलो की आतड्यातून एक पदार्थ पाझरतो, तो मेंदूला सांगतो की बस, पोट भरलं. त्याची नक्कल करून बनवलेलं ते पेप्टाइड. आठवड्यातून एकदा टोचायचं. भूक कमी, साखर कमी, वजन कमी. निदान कंपनीला तशी आशा होती. बाजारात ते आलेलं नव्हतं. माणसांना देऊन बघायचं चाललं होतं. काहींच्या सुईत औषध असायचं, काहींच्या सुईत नुसतंच सलाइनसारखं काहीतरी. कुणाला काय ते मलाही ठाऊक नसायचं, डॉक्टरांनाही नाही. सगळं कागदपत्र मी बघायची. त्या कामाला भारी इंग्रजी नाव आहे, पण सोप्या भाषेत सांगायचं तर कुणाला काय झालं ते लिहून ठेवायचं — एवढंच माझं काम. तेवढ्यासाठीच ठेवलं होतं मला.

दर बुधवारी आइसबॉक्स घेऊन मी एसटीनं अहमदपूरला जायची. तिथं आमचे पाच-सहाजण होते. घरोघर जाऊन सुई द्यायची, बीपी बघायचं, काय त्रास झाला ते विचारायचं. त्यांतलीच एक सुमनमावशी.

मावशी ब्लाउज शिवायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, गळ्यात कायम टेप. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्याला कंपनीत, दिवाळीला यायचा. साखरेनं तिची नजर अंधूक व्हायला लागली होती, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ती ट्रायलमध्ये आली. आली ती सगळं समजून. मी तिला संमतीपत्र वाचून दाखवलं होतं, कॅमेऱ्यासमोर, ओळ न् ओळ. मळमळ होऊ शकते, उलट्या होऊ शकतात, काही त्रास झाला तर लगेच कळवायचं. ती म्हणाली होती, “तुमी हाईत ना ताई. मग काय भ्याव?”

माझ्याहून दुपटीनं मोठी बाई मला ताई म्हणायची. आणि लातुरात माझ्याशी काय कोण बोलत होतं? खोलीवर एकटी, दवाखान्यात फायली. घरमालकीण माझं आडनाव कळल्यापासून जिन्यात भेटली तरी नुसती मान हलवायची. आठवड्यातून एकदा, बुधवारी, मावशीच्या मशिनीशेजारी बसून मी पोट भरून बोलायची. ती मला चिडवायची — “ताई, तुमाला नवरा बगावा तर त्येचीबी ट्रायल घ्याल तुमी, सा म्हयन्याची!” आम्ही दोघी हसायचो. खरं सांगते, तेवढं हसू मला पुढच्या बुधवारपर्यंत पुरायचं.

आता आडाचं सांगायला पाहिजे. हे तिचं गुपित होतं, माझं नव्हे. पण पुढं तिनंच ते मोकळं केलं, म्हणून सांगते.

मावशीच्या घरामागं एक आड होता, अरुंद, जुना, तिच्या सासऱ्यानं खांदलेला. सगळ्या गावाचे बोअर आटले, पण त्या आडाला पाणी होतं. थोडंसं, दिवसाला चार-पाच घागरी. वर पत्रा टाकलेला, पत्र्यावर काट्या, काट्यांवर फाटकी पोती. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. आणि पत्ता लागू नये म्हणून मावशी काय करायची? टँकर आला की सगळ्यांसारखी घागर घेऊन रांगेत उभी राहायची! घागरीवर ऑइलपेंटनं ‘सु’ लिहिलेलं. भांडायची सुद्धा, माझा नंबर आधी, म्हणून. ते पाणी आणून भांड्याला, धुण्याला वापरायची. प्यायला मात्र आडाचं.

मला कसं कळलं? दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी मी पाणी मागितलं. ती उठली, मागचं दार लोटून घेतलं, मला मागं नेलं आणि पोहरा माझ्या हातात दिला. “वढा,” म्हणाली. “तुमच्या हातानं. गार हाय.” माझं आडनाव तिला माहीत होतं. फाइलवर होतंच की. माझी आजी गावच्या विहिरीपासून चार हात लांब उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायची. ते मी आजीच्याच तोंडून ऐकलेलं. आणि ही बाई, जिनं सगळ्या गल्लीपासून पाणी लपवलं, तिनं पोहरा माझ्या हातात दिला. मी ओढला. प्यायले. असं पाणी त्या वर्षी मी कुठं प्यायले नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “कुणाला बोलू नका ताई. कळलं तर चार दिसात आड कोरडा. माजं गिऱ्हाईक सम्दं गल्लीतलंच. कुणाला हाव म्हनू, कुणाला न्हाई?” मी तिला शब्द दिला. आणि तो पाळला. फार पाळला मी तो शब्द.

मार्चात ठरल्याप्रमाणे औषधाची मात्रा वाढली. सगळ्यांचीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन. “ताई, लई मळमळून राहिलं. पोटात काय ठरंना.” मी ओआरएस घ्या म्हटलं. पुढच्या बुधवारी गेले तर ती मशिनीपाशी नव्हती, खाटेवर होती. चार दिवस उलट्या. लघवी कमी झालीय म्हणाली. ओठ सुकलेले. मी सगळं वहीत टिपलं, सलाइन लावायची व्यवस्था केली, तिला बरं वाटेपर्यंत बसले. त्या आठवड्याची सुई पुढं ढकलली. त्यात काही चुकलं नाही माझं. चुकलं ते लातुरात, टेबलावर.

फॉर्मवर एक रकाना असतो. त्रास काय झाला, किती दिवस, कारण काय, आणि औषधाशी संबंध. त्याच्यापुढं तीन चौकटी : निश्चित, शक्य, नाही. कुठं टिक करायची ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पण सरांपुढं रोज ऐंशी पेशंट, मी भरून नेलं की ते विचारायचे, “काय आहे हे?”, मी सांगायची, ते सही करायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. सगळ्यांचाच होता, तीच तर गोची.

‘शक्य’वर टिक केली असती तर काय झालं असतं? ट्रायलच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं — मात्रा पुन्हा खाली आणायची, दर आठवड्याला किडनीची तपासणी करायची, गरज पडली तर त्या माणसाला ट्रायलमधून काढून घ्यायचं. बस. एवढंच. कुणाला फाशी होणार नव्हती.

पण आमचे तिघं आधीच गळाले होते. दोघं पाणी नाही म्हणून पोरंबाळं घेऊन पुण्याकडं गेले, एकीनं मनानंच सुई बंद केली. सर म्हणाले होते, अजून एक कमी झाला तर कंपनी आपलं केंद्र बंद करील. आणि तेव्हा नव्या जिल्ह्याचं वारं होतं. उदगीर जिल्हा होणार, अहमदपूर त्यात जाणार, नाही जाणार, आमचाच तालुका जिल्हा करा — चौकाचौकात फलक, निवेदनं, एके दिवशी बंद. प्यायला पाणी नाही आणि माणसं जिल्ह्यासाठी भांडून राहिली होती. सर एकदा चहा पिता पिता म्हणाले, नवा जिल्हा झाला की तिथं आपण दुसरं केंद्र काढू, ते तुम्ही सांभाळायचं. दारावर तुमच्या नावाची पाटी.

माझ्या नावाची पाटी! आडनावासकट! मी ते रात्रंदिवस डोक्यात घेऊन हिंडत होते. माझ्या घरमालकिणीनं ती पाटी वाचावी असं वाटायचं मला. हे ऐकून तुम्हाला माझी कीव आली तर येऊ देऊ नका. पाटी हवी असणं हा गुन्हा नव्हे, पण तिच्यासाठी मी जे केलं त्याचं हे कारण आहे, आणि कारण म्हणजे सबब नव्हे.

त्या दिवसांत निम्म्या अहमदपुरात पोटं बिघडलेली होती. टँकरचं पाणी कुठल्या तळातून येत होतं देव जाणे; पिवळं, वास मारणारं. उलटी झाली की माणूस म्हणायचा, टँकरचं पाणी. कुणालाही खरं वाटावं असंच ते होतं. एकाच घरात ते खोटं होतं, आणि ते घर मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

मी लिहिलं — कारण : टँकरचं दूषित पाणी. संबंध : नाही.

सुबक अक्षरात लिहिलं. सरांनी विचारलं, “पाण्याचंच ना?” मी म्हटलं, “हो सर.” त्यांनी सही केली. आणि मनात मी काय म्हटलं, माहितीय? म्हटलं, मी तर मावशीचं गुपित राखते आहे. आडाचं कसं लिहिणार, शब्द दिलाय! बघा, माणसाचं डोकं कसं चालतं. फॉर्ममध्ये आडाचं नावसुद्धा घ्यायची गरज नव्हती. ‘शक्य’ या चौकटीत एक टिक करायची होती. गल्लीला त्यातलं काय कळणार होतं?

इथंच थांबले असते तरी... नाही. थांबले नाही, तर कशाला बोलायचं.

दोन आठवड्यांनी कंपनीकडून कागद तपासायला एक मॅडम आल्या. तरुण, हुशार, आणि कामाला चोख. फॉर्म वाचून म्हणाल्या, मात्रा वाढल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्रास सुरू झाला; पाण्याचं नक्की कशावरून? पेशंटला विचारलंत? मला भेटायचंय त्यांना.

गाडी केली, गेलो. वाटेत मी मोबाइलवर मावशीला आधी सांगू शकले असते. नाही सांगितलं. गल्लीत टँकर उभा होता, बायका पाइपाभोवती, भांड्यांचा नुसता दणदणाट. मावशी रांगेत होती, घागर घेऊन. आम्हाला बघून पुढं आली, पदरानं तोंड पुसत. म्हणाली, “आत चला की. च्या टाकते.” मॅडम निघाल्याच होत्या. मी म्हटलं, मॅडमना वेळ नाही, इथंच दोन मिनिटं. मावशी परत म्हणाली, आत चला. मी परत म्हटलं, नको.

आत गेलो असतो, दार लावलं असतं, तर ती मॅडमना खरं सांगून मोकळी झाली असती. मला ठाऊक होतं ते. म्हणून तर मी रस्त्यात, पंधरा-वीस बायकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मावशी, तुम्ही पाणी टँकरचंच पिता ना?”

बायका वळून ऐकायला लागल्या. मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. जरा गोंधळल्यासारखी, मग काहीतरी उमगल्यासारखी. आणि म्हणाली, “हाव ताई. टँकरचंच. दुसरं कुटलं आसंल?”

शेजारची एक म्हणाली, “आमाला सम्द्यालाच लागलंय मॅडम ह्ये पानी, फोटू काडा ह्येचा!” मॅडमनी वहीत लिहून घेतलं. परतताना त्या म्हणाल्या, तुमचं केंद्र फार व्यवस्थित आहे. मी थँक्यू म्हटलं.

मात्रा तीच राहिली. किडनीची जादा तपासणी झाली नाही, कारण संबंध नव्हता ना! एप्रिलच्या शेवटी, ऊन असं की डांबर चपलेला चिकटायचं, तिला परत उलट्या लागल्या. या वेळी तिनं मला फोन केला नाही. तीन दिवस अंगावर काढलं. चौथ्या दिवशी शेजारणींनी रिक्षात घालून आणि मग जीपनं लातूरला आणली. लघवी बंद झाली होती. सगळं अंग सुजलेलं. मी तिला विचारलं, मला का कळवलं नाही? तर म्हणाली, “तुमाला कशाला उगं तरास? मॅडमला सांगितलंच हाय आपन, पान्याचं हाय म्हून.”

आपण. असं म्हणाली ती.

तिच्या किडन्या गेल्या. दुसरा फॉर्मही मीच भरला. दाखल करावं लागलं की वेगळा, मोठा फॉर्म असतो. त्यातही तेच लिहिलं. टँकरचं पाणी, उष्मा. आता मागं फिरायचं म्हणजे पहिलं खोटं उघडं पडणार होतं. सर थकलेले होते, त्यांनी सही केली. पुढं ट्रायल संपली. ते औषध बाजारात आलं नाही. का, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. पण त्याच्यावर जो लेख छापून आला तो मी वाचला. त्यात लिहिलेलं होतं की औषधाशी संबंधित असा किडनीचा गंभीर त्रास आढळला नाही. न आढळायला काय झालं! मी आढळूच दिला नाही. तो लेख वाचून आणखी कुणी कुठं तसलंच औषध बनवलं असेल, कुणी तसल्या बाटल्या भरून कुरिअरनं पाठवत असेल. मला माहीत नाही.

आणि हेही सांगते, नाहीतर अर्धवट होईल — मावशीच्या सुईत औषध होतं का, हेही मला माहीत नाही. नुसतं सलाइनही असेल. तिची किडनी साखरेनंच आधी अर्धी झाली असेल. ट्रायल संपल्यावर कुणाला काय मिळालं याची यादी आली होती, बंद पाकिटात, आमच्याच कपाटात. त्या पाकिटाला मी हात लावला नाही. औषध असेल तर मी काय करू, आणि नसेल तर सुटले असं वाटेल की काय, याची मला भीती वाटायची. नसलं तरी मी सुटत नाही. औषधानं झालं की कशानं, हे कळायची जी एक वाट होती, ती बुजवली मी. तेवढ्यासाठीच ठेवलं होतं मला, आणि तेवढंच मी केलं नाही.

नवा जिल्हा काही झाला नाही. पाटी लागली नाही. सांगायचं म्हणून सांगितलं.

पण कबूल करायचं ते हेही नव्हे. आता येते त्याच्याकडं.

मावशीला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं. लातुरातच. डायलिसिसला पाणी फार लागतं, आणि दवाखान्यालाच पाणी नव्हतं. टँकर येईपर्यंत माणसं बाकावर सुजलेली तोंडं घेऊन बसून राहायची. मावशी अहमदपूरहून पहाटेच्या एसटीनं यायची. मुलगा पहिले आठ दिवस राहिला, मग त्याची रजा संपली. मग तिच्याजवळ मी बसायची. बुधवारी तर नक्कीच; अहमदपूरची फेरी मी गुरुवारवर नेली होती. लोक म्हणायचे, काय माया आहे बघा पोरीची! सर सगळ्यांना उदाहरण द्यायचे माझं.

मे महिन्यात एके दिवशी ती मशीनला लावलेली, मी शेजारी स्टुलावर. एकदम म्हणाली, “ताई, म्या आड खुला केला.” मला कळेना. ती सांगायला लागली. मागच्या आठवड्यात सगळ्या गल्लीला बोलावलं, काट्या काढल्या, पत्रा काढला, म्हणाली, बायांनो, मी तुमच्यापासून पाणी लपवलं, तुमच्या रांगेत खोटी उभी राहिले, मला काय बोलायचं ते बोला. मी विचारलं, मग? तर म्हणाली, “कुनी काय बोललं न्हाई. एकजण रडली. मंग घागरी आणल्या. चार दिस पुरलं पानी.” आणि हसली.

मी विचारलं, पण का मावशी? कशाला सांगितलंत?

ती म्हणाली, तहानलेल्या माणसांपासून पाणी लपवलं, त्याचीच ही फेड आहे, बघा. पाण्याचंच पाप, म्हणून लघवीच बंद झाली. आणि डॉक्टरांशी खोटं बोलले. त्या मॅडमना खरं सांगितलं असतं तर त्यांनी बरोबर औषध दिलं असतं. माझ्याच तोंडानं माझं वाटोळं केलं मी. असं ती शांतपणे बोलत होती, एखाद्या ब्लाउजचं माप सांगावं तसं.

मग तिनं माझ्याकडं मान वळवली. तिच्या एका हातात सुया होत्या, दुसरा हात तिनं माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“पर तुमचं नाव म्या कुटं यिऊ दिलं न्हाई,” ती म्हणाली. “गल्लीला न्हाई, पोराला न्हाई. तुमाला आडाचं ठावं होतं, ह्ये मरंस्तवर कुनाला कळनार न्हाई. माजी लाज ऱ्हावी म्हून तुमी एवडी शिकलेली बाई त्या मॅडमच्या म्होरं खोटं बोललात. माज्यासाटी! सक्क्या लेकीनं केलं नसतं ताई.”

त्या क्षणी मला सगळं कळलं — रस्त्यात ती माझ्याकडं तशी का बघत राहिली होती, तिला काय उमगलं होतं, ‘आपन’ का म्हणाली होती. तिला वाटलं होतं, मी तिला सांभाळून घेते आहे. तिनं ‘हाव’ म्हटलं ते मला अडचणीत टाकू नये म्हणून.

खोलीत दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. दोन पेशंट झोपलेले, सिस्टर बाहेर. दोन वाक्यं बोलायची होती. मावशी, तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी बोलले मी. तुमचा काही दोष नाही. एवढंच. या दोन वाक्यांनी तिच्या किडन्या परत आल्या नसत्या, पण ती स्वतःला पापी समजत होती, ते थांबलं असतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, “असू द्या मावशी. त्यात काय एवढं?”

ती पुढं तेरा महिने जगली. दर बुधवारी मी तिच्याजवळ होते. ती दर वेळी कुणाला ना कुणाला सांगायची, ह्या ताईचे लई उपकार हायेत माज्यावर. मी खाली मान घालून ऐकायची, आणि बघणाऱ्यांना तो माझा विनय वाटायचा. मी तिला कधीच सांगितलं नाही. स्वतःला दोष देत आणि माझे उपकार मानत ती गेली.